सात ज्युरासिक सिनेमे आणि एक स्टॉपवॉच : तुलना कशी करायची

"मावशी, अगं, पहिल्यात डायनासोर आहेतच कुठे?"

भाचा अकरा वर्षांचा. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोठ्या कौतुकानं त्याला १९९३चा 'ज्युरासिक पार्क' दाखवायला बसवलं होतं. तासाभरानं त्यानं हे ऐकवलं. मी उखडले. मग रात्री गुपचूप शोधलं, तर पोराचं म्हणणं आकड्यांनी खरं निघालं. १२७ मिनिटांच्या त्या सिनेमात डायनासोर पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातले संगणकावर तयार केलेले तर सहा मिनिटांच्या आसपास, बाकी सगळे यंत्राचे, रबराचे बाहुले. उरलेल्या एकशे बारा मिनिटांत माणसं बोलतात, जेवतात, भांडतात, कुंपणाकडे टक लावून बसतात. आणि तरीही मालिकेतला सगळ्यात भारी कोणता असं विचारलं की दहातले आठ जण याच सिनेमाचं नाव घेतात.

असं का, ते शोधायचं म्हणून आम्ही दोघांनी सगळे सातही सिनेमे वही घेऊन पाहिले. कसे पाहिले, काय मोजलं आणि काय मोजण्यात अर्थ नाही, ते इथे सविस्तर लिहिते. तुमच्या घरी हाच वाद असेल तर पद्धत जशीच्या तशी उचला. (कथानक फुटेल. इतक्या वर्षांनी त्याची तक्रार चालणार नाही. फक्त २०२५चा सातवा पाहिला नसेल तर आधी तो पाहून या.)

आधी मांडणी

सिनेमे असे : 'ज्युरासिक पार्क' (१९९३, १२७ मिनिटं) आणि 'द लॉस्ट वर्ल्ड' (१९९७, १२९ मिनिटं), दोन्हींचे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. 'ज्युरासिक पार्क ३' (२००१, ९२ मिनिटं), दिग्दर्शक जो जॉन्स्टन. 'ज्युरासिक वर्ल्ड' (२०१५, १२४ मिनिटं), कॉलिन ट्रेव्हॉरो. 'फॉलन किंगडम' (२०१८, १२८ मिनिटं), जे. ए. बायोना. 'डोमिनियन' (२०२२, १४७ मिनिटं), पुन्हा ट्रेव्हॉरो. आणि 'रिबर्थ' (२०२५, सव्वादोन तासांना किंचित कमी), गॅरेथ एडवर्ड्स. बेरीज होते पावणेपंधरा तासांच्या आसपास. एका शनिवार-रविवारात उरकायला जाऊ नका. चौथ्या सिनेमापर्यंत सगळे दात सारखेच दिसायला लागतात.

पहिल्यांदाच बघणार असाल तर प्रदर्शनाच्या क्रमानं बघा, दुसरा विचारच करू नका. पण आधी पाहिलेले असतील आणि आता तुलनेसाठी बसत असाल, तर जोड्या लावा. हे आम्हाला उशिरा सुचलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

पहिला आणि चौथा : एकात पार्क उघडायच्या आधी कोसळतो, दुसऱ्यात तो गर्दीनं फुललेला असताना.

दुसरा आणि पाचवा : दोन्हींत प्राणी वाचवायला निघालेले आणि विकायला निघालेले एकाच बेटावर समोरासमोर येतात, आणि दोन्हींत जनावर शेवटी माणसांच्या वस्तीत पोचतं.

तिसरा आणि सातवा : बेटावर अडकलेलं छोटं टोळकं आणि त्यात एक साधं कुटुंब. जग वाचवायचं नसतं, जीव वाचवायचा असतो.

सहावा एकटा राहतो. त्याला जोडीच मिळत नाही, आणि ते त्याच्याबद्दल बरंच काही सांगतं.

आवाजाचं एक सांगायलाच हवं. मी पहिला भाग १९९४मध्ये हिंदीत पाहिला, बाबांबरोबर, तालुक्याच्या गावी. हिंदीत डब होऊन आल्यामुळेच तो आमच्यासारख्यांपर्यंत पोचला. इंग्रजी सिनेमाला गावातली बायकामाणसं लोटलीयत असं दृश्य तोवर कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या थिएटरचे भोंगे असे होते की टी-रेक्सची पावलं आणि बाहेरच्या ट्रकचा गिअर यांत फरकच कळत नव्हता. ती पावलं खरी ऐकू आली पंधरा वर्षांनी, हेडफोन लावल्यावर. गंमत म्हणजे डीटीएस ही ध्वनिपद्धत थिएटरांत आली ती याच सिनेमाबरोबर. तेव्हा टीव्हीच्या आतल्या चपट्या स्पीकरवर बघून निकाल देऊ नका. बरा स्पीकर जोडा, नाहीतर हेडफोन. भाषा मुलांना समजेल ती घ्या, पण सातही सिनेमे एकाच भाषेत बघा. डबिंगमध्ये विनोद बदलतात, मग तुलना बिघडते.

वहीत रकाने पाच पुरेत : वाट, डबा, वजन, हाव, विज्ञान. नावं भाच्याची आहेत, मी बदलली नाहीत.

वाट : इथे स्टॉपवॉच लागतं

प्रत्येक सिनेमात दोन वेळा टिपायच्या. पहिलं जनावर पूर्ण कधी दिसलं, आणि मुख्य शिकारी माणसांसमोर मोकळा कधी आला. मग मधल्या काळात दिग्दर्शकानं काय केलं ते दोन ओळींत लिहायचं.

पहिल्या सिनेमाची सुरुवात आठवा. रात्र, झाडीतून पुढे येणारा एक पोलादी पिंजरा, बंदुका घेतलेली घामेजलेली माणसं. आतलं जनावर दिसतच नाही, फटीतून एक डोळा तेवढा दिसतो. माणूस आत ओढला जातो आणि आपल्याला दिसतो त्याचा निसटणारा हात. विसाव्या मिनिटाच्या आसपास लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस येतो, पण तिथेही आधी जनावर नाही. आधी सॅम नीलचा चेहरा. तो उभा राहतो, गॉगल काढतो, शेजारच्या लॉरा डर्नचं डोकं हातानं वळवतो, आणि मग आपण बघतो. टी-रेक्स तर तासाभरानं. त्याआधी त्याच्या कुंपणाशी गाड्या थांबून बोकड बांधलेला दाखवून झालेला असतो आणि तो आलेला नसतो. पाहुणे वैतागून पुढे जातात. म्हणजे प्रेक्षकाला एकदा ताटावर बसवून उठवलेलं असतं.

आता चौथा बघा. अंड्यातून नख बाहेर येतं, लगेच बर्फावर एक अक्राळविक्राळ पंजा आदळतो, कॅमेरा वर जातो आणि कळतं की तो साधा पक्षी आहे. हा विनोद मला आवडतो. दिग्दर्शकाला ठाऊक आहे की तुम्ही येतानाच भुकेले आलाय. पुढे सिनेमा हेच सूत्र धरतो : पार्कात येणाऱ्यांना आता साधे डायनासोर पुरत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत इंडोमिनस रेक्स नावाचा संकर बनवलाय. शार्क माशाला आमिष म्हणून टांगतात, मोसासॉरस पाण्यातून उसळून तो गिळतो आणि प्रेक्षक भिजतात. हे चतुर आहे. अडचण एवढीच की प्रेक्षकांच्या हावरेपणाला हसता हसता सिनेमा स्वतः तेच करायला लागतो.

सहाव्यात वाट नाहीच. सुरुवातच बातम्यांच्या चित्रफितींनी होते, समुद्रात मोसासॉरस, रस्त्यांवर डायनासोर, बाजारात डायनासोर. भाच्यानं दोन-तीन वेळा स्टॉपवॉच दाबलं आणि मग बाजूला ठेवून दिलं. वहीत त्यानं लिहिलंय, "लगेच. सारखे." ही तक्रार आहे की कौतुक, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्याकडे लोक तुच्छतेनं बघतात, पण वाट पाहायला लावायची एक नामी युक्ती त्यात आहे. सॅटेलाइट फोन स्पायनोसॉरसच्या पोटात जातो. त्यानंतर फोनची रिंग वाजली की समजायचं, तो जवळपास आहे. पहिल्या सिनेमात पेल्यातल्या पाण्यावर उठणारे तरंग जे काम करतात, तेच इथे एक टुकार रिंगटोन करते. आधी हरवलेला मुलगा नि आईबाप कुंपणाच्या दोन बाजूंनी भेटतात, सगळे हसतात, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की रिंग ऐकू येतेय पण फोन आपल्या कुणाकडेच नाही. मी हा प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला.

डबा : एकाच जातीचा प्रसंग सातांतून काढा

सिनेमांची तुलना पूर्ण सिनेमा विरुद्ध पूर्ण सिनेमा अशी केली की आठवणी लुडबुड करतात. त्यापेक्षा एकाच जातीचा प्रसंग प्रत्येकातून काढा आणि सलग बघा. या मालिकेत तो आयता मिळतो : माणसं कुठल्यातरी डब्यात अडकलेली, बाहेर जनावर.

पहिल्यात पावसात बंद पडलेल्या गाड्या. दुसऱ्यात कड्यावरून लोंबणारा फिरत्या प्रयोगशाळेचा ट्रेलर. तिसऱ्यात झाडावरून कोसळलेलं विमान, जे स्पायनोसॉरस पिंपासारखं लोळवतो. चौथ्यात पार्कात फिरवणारा काचेचा गोळा, पाचव्यात तसाच गोळा पाण्यात बुडत चाललेला. सहाव्यात उलटलेली गाडी आणि तिच्या खिडकीशी जिगॅनोटोसॉरसचं डोकं. सातव्यात हवा भरायची पिवळी रबरी होडी.

साधारण पाऊण-एक तास लागतो. आम्ही एका रविवारी दुपारी, कैरीचं पन्हं घेऊन बसलो.

पहिल्याचा प्रसंग अगदी बारकाईनं बघायचा. तो सुरू होतो शांततेत. वीज गेलीय, काचेवर पाऊस. मुलगा मागच्या सीटवरून रात्री दिसणारी दुर्बीण काढून चाळा करतोय. डॅशबोर्डवरच्या पेल्यात गोल तरंग उठतात. (हे तरंग जमवायला खूप डोकेफोड झाली होती. शेवटी डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून ती खालून छेडली, तेव्हा वर्तुळं नीट उमटली.) बोकड कुठे गेला असं मुलगी विचारते आणि वरच्या काचेवर बोकडाची तंगडी येऊन पडते. मग कुंपणाच्या तारा एकेक करून सुटतात. आणि इथे कान द्या : या सगळ्या प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना स्पीलबर्गनी त्याला गप्प बसवलंय. पाऊस, पत्रा, काच, श्वास आणि ती डरकाळी. डरकाळीत ध्वनिरचनाकार गॅरी रिडस्ट्रॉमनी हत्तीच्या पिल्लाचा चीत्कार, वाघ आणि मगर मिसळलेत. भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं प्रसंग डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, हत्ती कळतोय.

दुसरं म्हणजे जागेचा हिशेब. प्रत्येक क्षणी कोण कुठे आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. पुढची गाडी, मागची गाडी, संडासाची झोपडी, कुंपण. एका कागदावर नकाशा काढून बघा, सहज काढता येतो. (एकच चूक सापडते आणि ती प्रसिद्ध आहे. जिथून टी-रेक्स सरळ चालत बाहेर आला, त्याच कुंपणापलीकडे थोड्या वेळानं खोल दरी निघते.) मग सहाव्याच्या प्रसंगाचा असाच नकाशा काढायचा प्रयत्न करा. पहिल्या तीन सिनेमांची जुनी मंडळी आणि नव्या तीनची मंडळी एकाच चौकटीत दाटीवाटीनं उभी. कोण गाडीत, कोण शिडीवर, कुणाच्या मागे काय, आम्हाला धड काढता आलं नाही. इतकी माणसं आणि सगळी नावाजलेली, म्हणजे मरणार कुणीच नाही हेही उघड.

दुसऱ्याचा ट्रेलर माझ्या मते मालिकेतला सर्वांत क्रूर आणि सुंदर प्रसंग आहे. ज्युलियन मूर उभ्या लोंबणाऱ्या ट्रेलरच्या मागच्या काचेवर पडलीय, खाली समुद्र, आणि तिच्या तळव्याखाली काचेला बारीक तडे जातायत. जनावर निघून गेलेलं आहे. भीती उरलीय फक्त त्या तड्यांच्या कुरकुरण्याची. पहिल्याच्या तोडीचा, एवढंच लिहून मी वही मिटली होती.

पाचव्यात गोळा बुडतो तेव्हा कॅमेरा माणसांबरोबर आतच अडकून राहतो, तुकडे जवळजवळ पडतच नाहीत. पाणी गुडघ्याशी, छातीशी, छताशी. बायोना भयपटातून आलेला माणूस, ते इथे दिसतं. आणि सातव्याची होडी? हा प्रसंग मुळात मायकेल क्रायटन यांच्या १९९०च्या कादंबरीतला. पहिल्या सिनेमात तो घेता आला नव्हता, बत्तीस वर्षांनी त्याला जागा मिळाली. झोपलेल्या टी-रेक्सच्या शेजारून कुटुंब होडी ओढून नेतं, आणि होडीत हवा भरतानाचा तो फुसफुसाट ऐकताना आपण श्वास धरून असतो. इथेही भीतीचं काम आवाजच करतो. सातव्याची पटकथा लिहिणारे डेव्हिड केप हे पहिल्या दोन सिनेमांचेही पटकथाकार, ते कळल्यावर मला नवल वाटलं नाही.

वजन

'ग्राफिक्स भारी आहेत का' हा प्रश्न निकामी आहे. २०२२चे ग्राफिक्स १९९३पेक्षा भारी असणारच. विचारायचं ते हे : जनावराचं वजन जाणवतं का? त्यासाठी जनावराकडे बघूच नका, त्याच्या आजूबाजूला बघा. चिखल दबतो का? पाणी हलतं का? काच धूसर होते का? पहिल्यात स्वयंपाकघराच्या दाराच्या गोल काचेशी रॅप्टर, म्हणजे माणसाएवढा चपळ शिकारी डायनासोर, येतो आणि काचेवर त्याच्या उच्छ्वासाचं धुकं धरतं. अर्ध्या सेकंदाचं काम, पण त्यानं ते जनावर आपल्या जगात येतं.

तो टी-रेक्स म्हणजे स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यात बनलेलं, सुमारे बारा मीटर लांबीचं धूड होतं. चित्रीकरणात खोटा पाऊस पाडला की त्याची रबरी कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि यंत्र थंडी वाजल्यासारखं थरथरायला लागायचं. मग माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. दुसरीकडे, धावणारे डायनासोर आधी छोट्या पुतळ्यांची एकेक चौकट हलवून करायचे ठरले होते. त्या कलेतले उस्ताद फिल टिपेट यांना संगणकावरच्या चाचण्या दाखवल्या, तेव्हा आपलाच वंश आता संपला अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले, आणि स्पीलबर्गनी ते वाक्य सरळ सिनेमातच घातलं. टिपेटना मात्र काढलं नाही. जनावर कसं चालतं, कुठे थबकतं, हे संगणकवाल्यांना शिकवायला त्यांनाच ठेवलं. वजन आलं ते असं.

नव्या सिनेमांतही बाहुले आहेत. चौथ्यात मरणपंथाला लागलेल्या अपॅटोसॉरसचं डोकं मांडीवर घेतात ते खरोखरचं बनवलेलं आहे, आणि अख्ख्या सिनेमात तेवढ्याच ठिकाणी माझ्या घशात काहीतरी आलं. पाचव्यात धक्क्यावर मागे राहिलेला ब्रॅकिओसॉरस ज्वालामुखीच्या धुरात मागच्या पायांवर उभा राहतो आणि नुसती आकृती उरते. तो पूर्ण संगणकाचा. तरीही भाच्यानं तिथे टीव्ही थांबवला आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेला. तेव्हा बाहुला चांगला नि संगणक वाईट असा सोपा नियम करू नका.

हाव

प्रत्येक सिनेमात कुणीतरी पैशासाठी काहीतरी करतं. नेमकं काय ते एका वाक्यात लिहा. वाक्य जितकं साधं, तितका सिनेमा सरळ उभा राहतो, असं आम्हाला आढळलं.

पहिल्यात रिचर्ड ॲटनबरोंचा हॅमंड हा वाईट माणूस नाहीच. खर्चात कसर केली नाही असं तो पुन्हा पुन्हा सांगतो, आणि संगणकाचा सगळा डोलारा ज्याच्या खांद्यावर आहे त्या माणसाला पैशावरून नाराज ठेवतो. आइस्क्रीम उंची, पगार तुटपुंजा. असे मालक आपल्याही ओळखीत असतात. दुसऱ्यात त्याचाच भाचा बुडती कंपनी वाचवायला प्राणी धरून सॅन डिएगोला आणतो. (हे वाचताना माझ्या भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) तिसऱ्यात खलनायकच नाही. हरवलेल्या मुलासाठी आईबाप खोटं बोलतात, शास्त्रज्ञाला फसवा चेक देतात, बस. चौथ्यात जास्त तिकिटं हवीत म्हणून जास्त दात. पाचव्यात लिलाव. सातव्यात हृदयरोगाच्या औषधासाठी तीन राक्षसी प्राण्यांचं रक्त, आणि नफा कंपनीचा.

सहाव्याचं वाक्य आमच्याकडून होईना. एका बलाढ्य कंपनीनं टोळ सोडलेत, ते इतरांचं पीक खातात पण कंपनीच्या बियाण्याचं पीक सोडतात. विषय चांगला आहे, शेतकऱ्याच्या घरात तर पटकन समजेल. पण डायनासोरांच्या सिनेमात मुख्य संकट टोळांचं? पाचव्याच्या शेवटी डायनासोर माणसांच्या जगात सुटले होते. आता हे सोबत राहणार कसे, या प्रश्नासाठी आम्ही चार वर्षं थांबलो होतो. सिनेमा त्यांना पुन्हा एका बंदिस्त खोऱ्यात नेऊन ठेवतो.

चौथ्यातल्या मसरानीसाठी मी अर्धा गुण जास्त दिला, हे कबूल करते. इरफान खान त्या भूमिकेत मजेत आहेत, अर्धवट शिकलेलं हेलिकॉप्टर स्वतः चालवणारा, मनानं चांगला, पैशानं आंधळा मालक. हॅमंडचा खरा वारस तोच. सिनेमानं त्याला लवकर मारून टाकलं.

विज्ञानाचा हिशेब वेगळा ठेवा

इथे बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी गुण कापतात. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा, पिसं असलेला. सिनेमातला माणसाएवढा प्राणी डायनोनायकसच्या जवळचा. खरा डायलोफोसॉरस सहाएक मीटर लांब, त्याला ना झालर ना विषाची पिचकारी. नावात ज्युरासिक असलं तरी टी-रेक्स क्रिटेशस काळाच्या अगदी शेवटचा, सुमारे ६.६ ते ६.८ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि डासाच्या पोटातल्या रक्तातून इतकं जुनं डीएनए मिळणं अशक्यच, ते इतका काळ टिकत नाही.

पण गुण देताना विचारायचं : त्या वर्षी काय माहीत होतं? पिसांचा ठसा असलेला डायनासोर चीनमध्ये सापडल्याचं जगाला कळलं १९९६मध्ये. म्हणजे १९९३चा रॅप्टर बिनपिसांचा म्हणून त्याला दोष देता येत नाही. २००१मध्ये तिसऱ्यानं रॅप्टरच्या डोक्यावर पिसांसारख्या चार काड्या खोचल्या, प्रयत्न म्हणून ठीक. २०१५चा मात्र पकडता येतो, आणि तो हुशारीनं सुटतो. पार्कातले प्राणी बनवणारे शास्त्रज्ञ डॉ. वू सिनेमातच सांगतात की आमचे प्राणी कधीच अस्सल नव्हते, मधल्या गाळलेल्या जागा आम्ही दुसऱ्या प्राण्यांनी भरल्या. पूर्ण पिसांचा शिकारी यायला २०२२ उजाडलं. 'डोमिनियन'ला माझ्याकडून मिळालेले थोडे गुण त्या तांबड्या पायरोरॅप्टरचे आहेत.

स्पायनोसॉरसची गंमत वेगळी. तिसऱ्यात तो जमिनीवर टी-रेक्सची मान मोडतो आणि त्यावरून चाहते आजही शिव्या देतात. २०१४ आणि २०२०मध्ये आलेल्या संशोधनानं त्याचं चित्रच पालटलं. आखूड मागचे पाय, वल्ह्यासारखी शेपटी, पाण्याशी सलगी. सातव्यात तो मोसासॉरसच्या सोबतीनं पाण्यातून येतो. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले की चोवीस वर्षांत काय बदललं ते एका शेपटीत दिसतं.

मुलं बरोबर असतील तर सातव्यातल्या टायटॅनोसॉरसच्या प्रसंगाशी थांबा. उंच गवतात उभे ते लांब शेपट्यांचे डोंगर. हे नाव आलं जबलपूरजवळ सापडलेल्या हाडांवरून. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला ती १८२८मध्ये मिळाली आणि १८७७मध्ये लायडेकर या शास्त्रज्ञानं नामकरण केलं, टायटॅनोसॉरस इंडिकस. गवताचाही धागा आपल्याकडे येतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे सापडलेल्या डायनासोरच्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म अंश मिळाले, आणि २००५मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर डायनासोरांच्या काळात गवत होतं की नाही या वादाला वळण मिळालं. भाचा 'ई, शी' म्हणाला, मग दोन दिवस त्याच विषयावर बोलत होता. आणि खराखुरा ज्युरासिक काळातला डायनासोर हवा असेल तर तोही जवळच : आपल्या सिरोंचाला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मिळालेला बारापासॉरस टागोराय. बारा पा म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

गुण देताना

प्रत्येक रकान्याला दहा गुण, पण वाट आणि डबा दुप्पट धरा. कमाईचा रकाना आखूच नका. 'ज्युरासिक वर्ल्ड'नं जगभरात १६७ कोटी डॉलर कमावले आणि तिसऱ्यानं त्याच्या पावपटीहूनही कमी. त्यावरून फक्त तिकिटांचे दर, पडद्यांची संख्या आणि चीनची बाजारपेठ कळते. आठवणीचा गुण मात्र उघडपणे वेगळा लिहा, लपवू नका. मी पहिल्याला बाबांचे म्हणून दोन लिहिले आणि बेरजेतून वगळले.

माझा क्रम : पहिला, मग थोड्या अंतरानं दुसरा, तिसरा आणि सातवा जवळपास बरोबरीत, चौथा, पाचवा, आणि बऱ्याच खाली सहावा. दुसऱ्यातला सॅन डिएगोचा शेवट बळंच जोडल्यासारखा आहे हे मान्य. पण ट्रेलर आणि उंच गवतातून रॅप्टर येतात तो प्रसंग, एवढ्यावर तो तरतो. वरून दिसणारं गवत, त्यात दुभंगत येणाऱ्या रेघा, आणि एकेक माणूस खाली ओढला जातो. जनावर जवळजवळ दिसत नाही. पाचव्याचा पूर्वार्ध बेटावर आणि उत्तरार्ध एका वाड्यात, दोन वेगळे सिनेमे चिकटवल्यासारखे. त्यांतला वाड्याचा मला आवडतो, पण एवढ्यानं वर सरकत नाही.

भाच्याचा क्रम : चौथा, पहिला, सातवा, तिसरा, पाचवा, दुसरा, सहावा. चौथा पहिल्या नंबरावर का, तर ब्ल्यू. त्या रॅप्टरला नाव आहे, ती ओळखते, आणि शेवटी टी-रेक्सच्या बाजूनं लढते. मी म्हटलं, नियमात नावाचा रकाना नव्हता. तो म्हणाला, मग घाल.

घातला. तुम्हीही एक रिकामा रकाना ठेवा.

वेळ नसेल तर पहिला, तिसरा आणि सातवा एवढेच बघा, जेमतेम सहा तासांत चित्र बरंच स्पष्ट होतं. लहान मुलं असतील तर पहिल्यातलं स्वयंपाकघर आणि पाचव्यातला बिछान्यावरच्या मुलीकडे हळूहळू सरकणारा पंजा, हे दोन प्रसंग दिवसाउजेडी उरका. आमच्याकडे ते रात्री झाले. त्यानंतर आठवडाभर भाच्याच्या खोलीचं दार उघडं आणि पॅसेजमधला दिवा चालू होता, आणि दिवा कुणी चालू ठेवला यावर अजून एकमत नाही.